ईगल प्रोजेक्टचा 'कोच' झालोय. आता गप्प कसं बसू?

उंबरठा
मुलाच्या स्काउट ट्रूपमधून मागच्या आठवड्यात निरोप आला. एका मुलाला ईगल सर्व्हिस प्रोजेक्टसाठी (स्काउटिंगमधली 'ईगल' ही पायरी गाठायला करावं लागणारं समाजसेवेचं काम) कोच हवाय, तुम्ही व्हाल का? मी हो म्हणून बसलो. माझा स्वतःचा मुलगा अजून लहान आहे, तेव्हा म्हटलं, आधी दुसऱ्याच्या मुलावर हात बसवून घ्यावा.

हा मुलगा सतरा वर्षांचा. अठराव्या वाढदिवसाला सात महिने उरलेत. प्राण्यांच्या एका शेल्टरमध्ये तो दर शनिवारी कुत्री फिरवायला जातो. तिथल्या पायवाटेवर तीन बाक बसवायचे असं त्याच्या मनात आहे.

आता माझी अडचण. मी नोकरीत वीस वर्षं प्रोजेक्टच हाकतोय. पहिल्या भेटीला तो, त्याची आई आणि मी बसलो. तो म्हणाला, "तीन बाक." मी म्हटलं, लाकूड कुठलं, पैसे कुठून, माणसं किती, आणि सुटलोच. तासाभराने उठलो तेव्हा माझ्या लॅपटॉपवर ४२ ओळींची स्प्रेडशीट तयार होती. प्रत्येक ओळीला तारीख, जबाबदार व्यक्ती आणि रंग. आई म्हणाली, "चला, आता काही काळजी नाही." मुलगा "थँक यू" म्हणाला. गाडीत बसताना माझ्या लक्षात आलं की तो अख्ख्या तासात चार वाक्यं बोलला होता, आणि 'तीन बाक' हे त्यातलं एक होतं.

ज्यांनी हे काम केलंय त्यांनी सांगा. कोचने बोलायचं किती? काय सांगून टाकायचं आणि काय त्याचं त्याला धडपडू द्यायचं?

खारुताई
ती स्प्रेडशीट आधी डिलीट करा. बाकीचं नंतर बोलू.

मुंगळा
डिलीट नको, मला पाठवा. आमच्या बाथरूमचं काम आठ महिने रखडलंय.

अर्धवट_सुतार
उंबरठा, पहिल्या खेपेला सगळ्यांचं हेच होतं. मी तर पहिल्या मुलाच्या वेळी त्याच्या हातातली करवत काढून घेतली होती. तुम्ही निदान कीबोर्डवर थांबलात. आतापर्यंत सहा मुलांचा कोच झालोय, त्यावरून सांगतो.

आधी प्रोजेक्टच्या अटीचे शब्द वाचा. मुलाने प्रोजेक्टचं नियोजन करायचं, तो विकसित करायचा आणि इतरांचं नेतृत्व करायचं. 'बाक बनवायचे' असं त्यात कुठेच नाही. त्याने एकट्याने रात्री जागून देखणे बाक केले तरी अट पुरी होत नाही, दुसऱ्यांकडून काम करून घेता आलं पाहिजे. हे 'दुसरे' म्हणजे त्याच्याशिवाय किमान दोघं. तास किती भरायचे याचा आकडा नाही. कोणी शंभर सांगेल, कोणी दोनशे सांगेल, ती दंतकथा आहे. तास नोंदवायचे असतात, एवढंच. बाक पन्नास वर्षं टिकले पाहिजेत असंही नाही. प्रोजेक्टचं फळ टिकाऊच असावं अशी अट नाही.

आता कोचचा अधिकार: शून्य. स्काउटिंग संस्थेच्या 'गाइड टू ॲडव्हान्समेंट' या नियमपुस्तकात स्पष्ट आहे की कोच बदल करायला भाग पाडू शकत नाही, मंजुरी मागे घेऊ शकत नाही, हुकूम सोडू शकत नाही. मंजुरी देणारे चौघं वेगळेच. ज्यांच्यासाठी काम करायचं ती संस्था म्हणजे बेनिफिशिअरी, ट्रूपचा प्रमुख म्हणजे स्काउटमास्टर, ट्रूप कमिटी आणि स्काउटिंगच्या कौन्सिल किंवा डिस्ट्रिक्टचा माणूस. त्यांच्या सह्या होईपर्यंत ना कामाला हात लावायचा, ना पैसे गोळा करायचे.

या सह्या होतात प्रपोजलवर, आणि प्रपोजल म्हणजे नुसता कच्चा आराखडा. काम झेपण्यासारखं आहे का, सुरक्षिततेचा विचार केलाय का, पुढे काय काय ठरवावं लागेल याची मुलाला कल्पना आहे का, इतपत. बारीकसारीक 'प्रोजेक्ट प्लॅन' त्यानंतर लिहायचा, आणि त्यावर कौन्सिलची सही लागत नाही. सही नाही म्हटल्यावर मुलं तो दोन ओळींत उरकतात. मग कामाच्या दिवशी स्क्रू आहेत पण ड्रिलचं बिट नाही, अशी तऱ्हा होते. तो प्लॅन बसून वाचणारा आणि 'हे कसं?' विचारणारा माणूस बहुतेक वेळा एकच असतो. तो म्हणजे तुम्ही.

धुकं
मधेच तोंड घालतो. हे ईगल ईगल काय चाललंय? पक्षी पाळताय का?

काकदृष्टी
धुकं, अमेरिकेतल्या स्काउटिंगमधली सगळ्यात वरची पायरी. पहिला ईगल स्काउट १९१२ सालचा, आर्थर एल्ड्रेड. समाजसेवेच्या प्रोजेक्टची अट मात्र त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९६५ साली आली. नील आर्मस्ट्राँग ईगल होता, राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्डही होते. दोघांनाही बाकांची भानगड करावी लागली नाही. संस्था १९१० सालची 'बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका'. २०१९ पासून ईगलचा रस्ता मुलींनाही खुला झाला आणि २०२५ पासून नाव 'स्काउटिंग अमेरिका'.

काम कुठल्याही धर्मस्थळासाठी, शाळेसाठी किंवा समाजासाठी असावं लागतं. खुद्द स्काउटिंग संस्थेसाठी चालत नाही, कोणाच्या धंद्यासाठीही नाही. अठरा पूर्ण व्हायच्या आत शेवटची मुलाखत सोडून सगळं संपलं पाहिजे. उंबरठांच्या मुलाचे सात महिने म्हणूनच महत्त्वाचे.

धुकं
म्हणजे चंद्रावर जाणं सोपं, बाक बसवणं अवघड. कळलं.

चिमटा
कोणी बोलत नाहीये तर मी बोलतो. यातले निम्मे प्रोजेक्ट आईबापांचे असतात आणि उरलेले कोचचे. मुलगा मधे उभा राहून फोटो काढतो. सगळी धडपड कॉलेजच्या अर्जात एक ओळ यावी म्हणून. समाजाला बाक हवे होते का हे कोणी विचारत नाही. उंबरठांची ४२ ओळींची स्प्रेडशीट हा त्यातल्या त्यात प्रामाणिक पुरावा.

उंबरठा
चिमटा, लागलं. पण खोटं नाही.

चाफेकळी
चिमटा, अर्जातली ओळ हवी असते हे मान्य. पण ओळीसाठी सुरू केलेलं काम ओळीपुरतंच राहतं असं नाही.

माझ्या मुलीचं सांगते. तिला अनोळखी माणसाला फोन करायची भयंकर भीती. मेसेज कितीही, फोन नाही. ज्या वृद्धाश्रमासाठी ती काम करणार होती तिथल्या बाई ईमेलला उत्तरच देईनात. तीन आठवडे गेले. मी घरात धुमसत होते, फोन उचलून मीच बोलणार होते. तिच्या कोचबाईंनी काय करावं? त्या म्हणाल्या, "मी त्या बाई. मला आत्ता फोन कर." दोघी एकाच टेबलाशी समोरासमोर, कानाला फोन लावून. पहिल्या वेळी कोचबाई मुद्दाम घाईत होत्या, "मी मीटिंगमध्ये आहे, नंतर बोल." मुलगी गप्प. दुसऱ्या वेळी म्हणाली, "नंतर म्हणजे किती वाजता करू?" चौथ्या खेपेला तिने स्वतःहून नाव, कारण, वेळ सगळं वीस सेकंदांत सांगितलं. खरा फोन त्याच दुपारी लागला आणि त्या बाई खऱ्याखुऱ्या मीटिंगमध्ये होत्या!

त्यांनी फोन करून दिला नाही, 'कर गं, काही होत नाही' असंही म्हटलं नाही. सराव करून घेतला.

एक नियमाची गोष्टही सांगून ठेवते, कारण नवीन कोच इथे चुकतात. मुलाशी एकट्याने संपर्क ठेवायचा नाही, प्रत्यक्ष नाही आणि फोनवरही नाही. प्रत्येक ईमेल, प्रत्येक मेसेज आणखी एका मोठ्या माणसाला सोबत घेऊनच. कामाच्या दिवशी एकवीस वर्षांवरचे किमान दोन नोंदणीकृत लीडर हजर हवेत. तुम्ही कितीही सज्जन असलात तरी.

पंख_फुटलेला
काका, मी इथे बहुतेक वाचनमात्रच असतो, पण हा धागा बघून राहवलं नाही. सात वर्षांपूर्वी माझा स्वतःचा ईगल प्रोजेक्ट झाला. शाळेच्या अंगणात जमिनीवर देशाचा मोठा रंगीत नकाशा.

माझा कोच निवृत्त माणूस होता. प्रश्न विचारायचा आणि मग चष्मा काढून पुसत बसायचा. ते चष्मा पुसणं फार जीवघेणं असायचं. तुम्ही काहीतरी बोलेपर्यंत तो पुसतच राहणार. एकदा विचारलं, "पाऊस आला तर?" मी म्हटलं, नाही येणार, हवामान बघितलंय. त्याने 'बरं' म्हणून वहीत काहीतरी लिहिलं.

रंगवायच्या दिवशी सकाळी सगळा चौकोन खडूने आखून झाला होता. प्रत्येक चौकटीला नंबर, प्रत्येक मुलाला चौकट वाटून दिलेली. दहा वाजता पाऊस. बारा मुलं पोर्चमध्ये उभी आणि आमच्या डोळ्यांदेखत खडू वाहून चाललाय. मला वाटलं, आता हा वही काढणार. त्याने फक्त विचारलं, "आता?"

मला दोन मिनिटं काहीच सुचलं नाही. मग सहा जणांना घरी पाठवलं आणि उरलेल्यांना पोर्चमध्येच बसवून मोठ्या पुठ्ठ्यावर राज्यांचे आकार कापायला लावले. पुढच्या शनिवारी ते पुठ्ठे जमिनीवर ठेवून कडेने रेघ मारली आणि काम निम्म्या वेळात झालं. तरी मिशिगन दोन वेगवेगळ्या निळ्यांत रंगलं, कारण एक डबा संपला आणि मी नंबर लिहून ठेवला नव्हता. ते मिशिगन अजून तसंच आहे.

वहीत त्याने काय लिहिलं होतं ते मी नंतर विचारलं. 'पुढचा शनिवार मोकळा ठेवणे.' स्वतःसाठी.

खारुताई
शेवटच्या ओळीला सलाम.

तळटीप
विषयांतर. 'कोच'ला मराठी शब्द काय? प्रशिक्षक नव्हे, तो शिकवतो. मार्गदर्शक जवळचा, पण त्यात बोट दाखवणं आलं. मला 'सारथी' पटतो. हाती शस्त्र धरणार नाही म्हणून आधीच सांगून टाकलंय, लढाई दुसऱ्याची.

चिमटा
आणि मग भीष्माचे बाण अंगावर यायला लागले तसं रथाचं चाक उचलून धावलाच की तुमचा सारथी.

तळटीप
धावला ना. आणि थांबवलं कोणी? अर्जुनानेच, पाय धरून. 'मी लढतो, तुम्ही मागे फिरा.' या धाग्यासाठी यापेक्षा चांगला प्रसंग सापडणार नाही.

खारुताई
आमच्या अर्जुनाने पाय नव्हते धरले. "डॅड, प्लीज," म्हणून डोळे फिरवले होते. परिणाम तोच. नवरा खांद्यावरची फळी खाली ठेवून गाडीत जाऊन बसला.

रोपटं
तास मोजायचे नाहीत हे वाचून हेवा वाटला. आम्ही कॉलेजात एनएसएसवाले. दोन वर्षांत २४० तास आणि एक सात दिवसांचं शिबिर. योजना १९६९ सालची, उद्देश उत्तम, शिबिरात मजाही आली. पण आमचं अर्धं लक्ष हजेरीच्या वहीकडे. एकच ओटा आम्ही दोन वेळा सारवल्याचं मला आठवतं. दुसऱ्यांदा नुसते तास भरायला.

कुलूपकिल्ली
इथे सगळे मुलांच्या आणि कोचच्या बाजूने बोलताहेत. मी तिसऱ्या बाजूची. ज्या संस्थेसाठी हे प्रोजेक्ट होतात अशा एका ठिकाणी आवाराची व्यवस्था बघते. आमच्याकडे आतापर्यंत पाच झाले. तीन छान झाले. एक बरा. आणि एक वटवाघळांचा.

त्या मुलाने वटवाघळांसाठी लाकडी पेट्या केल्या. सहा पेट्या, सफाईदार काम, आतून खरवडून खडबडीत केलेल्या, म्हणजे अभ्यासही केला होता. आणि बसवल्या कुठे? माझ्या छातीच्या उंचीवर. वटवाघळाला पेटी निदान दहा-बारा फूट उंच लागते, खालून झेप घ्यायला मोकळी जागा लागते. शिडी आणायची राहिली म्हणून हात पोचेल तिथे ठोकल्या. त्याचा कोच समोर उभा होता. मी नंतर विचारलं तर म्हणाला, "मला दिसत होतं, पण त्याला त्याच्या चुकीतून शिकू द्यायचं होतं."

तो शिकला असेल. वटवाघूळ एकही आलं नाही. गांधीलमाश्या आल्या. पेट्या मी माझ्या माणसांकडून काढून घेतल्या. मुलगा तोपर्यंत कॉलेजला गेलेला.

धडपडू द्या, पडू द्या, हे सगळं ठीक. पण पडतो तो आणि लागतं आम्हाला, असं का?

चिमटा
घ्या. याला म्हणतात प्रतिसाद.

अर्धवट_सुतार
कुलूपकिल्ली, तुमचं बरोबर आहे आणि त्या कोचचं चुकलं. माझ्यापुरती मी यात एक रेघ ओढली आहे. मुलाच्या वेळेचं, इज्जतीचं, कष्टाचं नुकसान होणार असेल तर मी गप्प बसतो. माणसं कमी आली, पाऊस आला, दोनदा दुकानात जावं लागलं, चालेल. पण जी वस्तू संस्थेच्या गळ्यात पडणार तिच्यात खोट दिसली तर मी बोलतो. आणि कोणाला इजा होण्यासारखं दिसलं तर बोलतही नाही, सरळ थांबवतो. तिथे चाक उचलायचं.

बोलायचं म्हणजे उत्तर सांगायचं असंही नाही. "वटवाघळं कुठून उडतात रे?" एवढं पुरलं असतं.

तुमच्यासाठी एक: बेनिफिशिअरीसाठी वेगळं माहितीपत्रक असतं. प्रोजेक्ट म्हणजे काय, तुमचे हक्क काय, हे त्यात आहे. सविस्तर प्लॅन आधी दाखव असं तुम्ही म्हणू शकता, काम पटलं नाही तर थांबवू शकता. मुलाने पहिल्या भेटीत ते द्यायचं असतं.

कुलूपकिल्ली
पाच प्रोजेक्ट झाले. हे पत्रक मी आज पहिल्यांदा ऐकतेय.

अर्धवट_सुतार
उंबरठा, ही एक ओळ स्प्रेडशीटमध्ये राहू द्या.

दगडमाती
खणणार आहात का? मग बाकी सगळं नंतर, आधी ८११ या नंबरला फोन. तो फुकट असतो. काही दिवस आधी कळवायचं, मग ते येऊन जमिनीखाली काय आहे ते रंगाने आखून जातात. लाल म्हणजे वीज, पिवळा गॅस, निळा पाणी, नारिंगी फोन-केबल.

पण इथे एक मेख आहे. ते फक्त कंपन्यांच्या मालकीच्या लाइन दाखवतात. मीटरच्या पुढे आवारात मालकाने स्वतः टाकलेला पाइप त्यांच्या नकाशात नसतो. शेल्टर म्हटल्यावर कुत्र्यांचे पिंजरे धुवायला कुठूनतरी पाणी नेलेलं असणारच. ते तिथल्या जुन्या माणसाला विचारावं लागेल. आणि हे मुलाने विचारायचं, तुम्ही नाही.

उंबरठा
पहिला अपडेट. स्प्रेडशीट मुंगळ्यांना दिली. (खरंच दिली.)

दुसऱ्या भेटीला कागदसुद्धा नेला नाही. मुलाला एवढंच विचारलं, "शेल्टरवाल्यांना बाक हवेत हे तुला कसं कळलं?" तो म्हणाला, "तिथे एकच बाक आहे ना." मग मी चष्मा पुसला. मी चष्मा लावत नाही, मुलाचा गॉगल होता, तो पुसला.

बराच वेळाने म्हणाला, "विचारून बघतो."

शनिवारी त्याने तिथल्या बाईंना विचारलं. त्यांनी सांगितलं की आहे त्या बाकावरच कोणी बसत नाही. का? कुत्र्याची दोरी हातात धरून कोणाला धड बसता येत नाही, कुत्रं ओढत राहतं. आणि बाकासमोर पावसाने चिखल होतो, कुत्रं तिथेच लोळतं, मग आंघोळ घाला. तीन नवे बाक केले असते तर तीन नव्या जागी हेच झालं असतं.

आता नवा बेत: बाक दोनच, शेजारी दोरी अडकवायला जमिनीत घट्ट रोवलेला खांब आणि कडी, खाली खडीचा चौथरा. जुन्या बाकालाही तसाच खांब. मुलाने चित्र काढून आणलं. त्यातली कडी बाईंनी खाली घ्यायला सांगितली. उंच कडीला बांधलेल्या कुत्र्याचा गळा आवळू शकतो. हे मला सात जन्मांत सुचलं नसतं.

चिमटा
कल्पना झकास. मुलाची की तुमची?

उंबरठा
शेल्टरवाल्या बाईंची.

चिमटा
मग ठीक आहे. मी माझ्या पहिल्या प्रतिसादातला एक टक्का मागे घेतो.

काकदृष्टी
पैशांचं बघितलंत का? घरच्यांनी, नातेवाइकांनी, ट्रूपने किंवा शेल्टरने दिले तर प्रश्न नाही. त्यापलीकडे लोकांकडून गोळा करायचे असतील तर निधीसाठी वेगळा अर्ज आणि त्याची वेगळी मंजुरी. शिल्लक उरली तर ती शेल्टरची, मुलाची नाही.

उंबरठा
हो, त्याने स्वतःच वाचून काढलं. लाकूड आजोबांकडून, खडी शेल्टरकडून. अर्ज लागला नाही.

पंख_फुटलेला
काका, पावसाचं विचारलंत का?

उंबरठा
विचारलं. पुढचा शनिवार मीही मोकळा ठेवलाय.

उंबरठा
दुसरा अपडेट, जरा लांबलचक. सह्या झाल्या, ८११ झालं, कामाचा दिवस काल पार पडला. दगडमाती, तुमच्या तोंडात साखर. कंपन्यांची एकही लाइन मधे आली नाही, पण मुलाने देखभालीच्या म्हाताऱ्या काकांना विचारलं तेव्हा ते पाय ओढत ओढत एका जागी गेले आणि टाच आपटून म्हणाले, "इथून पाइप जातो." बरोबर दुसऱ्या बाकाच्या पायाखाली. बाक आठ फूट सरकवला.

अकरा मुलं आली. मी खिशात हात घालून उभा राहायचं ठरवलं होतं, आणि ते अक्षरशः केलं, कारण हात बाहेर आले की काहीतरी उचलतात. पहिला अर्धा तास बघवत नव्हता. चार जण खणताहेत, दोघं खडी ओढताहेत, पाच जण नुसते उभे. मुलगा स्वतःच ड्रिल घेऊन बसलेला. मी जवळ जाऊन म्हटलं, "किती जण काम करताहेत?" त्याने मान वर करून मोजलं. ड्रिल दुसऱ्याच्या हातात दिलं. त्यानंतर दिवसभर त्याने हत्यार म्हणून हातात घेतली ती फक्त मोजपट्टी.

खरी लढाई दुसरीकडेच झाली. दोन मुलांचे बाबा मदतीला आले होते, त्यातले एक घरी सुतारकाम करणारे. सर्क्युलर करवत अठराच्या आतल्यांनी चालवायची नाही असा स्काउटिंगचा नियम, म्हणून कापणी त्यांच्याकडे. कापता कापता त्यांनी मुलांना कामं वाटायला सुरुवात केली. "तू हे धर, तू तिकडे जा." दहा मिनिटांत सगळी मुलं त्यांच्याभोवती, आणि आमचा मुलगा कडेला, कागद घेऊन. त्याच्या चेहऱ्यावर अगदी त्या पहिल्या भेटीतलं 'थँक यू'. मी त्या गृहस्थांना बाजूला घेतलं आणि म्हटलं, जरा मला सोबत करा, मी खिशात हात घालून उभा राहतोय. त्यांना राग आला. थोडा अजून आहे. पण करवत सोडून बाकी सगळं त्यांनी सोडलं.

तेव्हा माझ्याच प्रश्नाला माझं अर्धं उत्तर मिळालं. मी इतके दिवस विचारत होतो मुलाला किती सांगायचं. काल दिवसभरात मुलाला मी तीन वाक्यं बोललो असेन. बाकी सगळी शक्ती मोठ्यांना आवरण्यात गेली, त्यात मीही आलो.

तिसरं वाक्य खड्ड्याचं. मुलं दमली आणि खांबाचा खड्डा वीतभर उथळ राहिला. मी नजरेनेच मोजला. हा कडीचा खांब, कुत्रं ओढणार, कुलूपकिल्लींची वटवाघळं डोळ्यांसमोर. म्हटलं, "प्लॅनमध्ये किती लिहिलंयस?" त्याने कागद काढला, मोजपट्टी घातली आणि मित्रांकडे बघितलं. मित्रांनी आकाशाकडे. मग तो स्वतः खड्ड्यात उतरला. दोन मिनिटांनी दुसरा एक जण फावडं घेऊन आला, काही न बोलता.

खारुताई
"मित्रांनी आकाशाकडे." वाचताना हसू आवरेना.

कुलूपकिल्ली
आमच्याकडे एक खांब पाठवून द्या. आणि तो मुलगाही.

चिमटा
सुतारबाबांची बाजू कोणी ऐकली का? फुकट राबायला आलेला माणूस, त्याला खिशात हात घालायला लावलं.

चाफेकळी
चिमटा, या वेळी मी तुमच्याशी सहमत. त्यांना आधीच सांगायला हवं होतं. सकाळी सगळ्या मोठ्यांना गोळा करून पाच मिनिटं. आमच्या कोचबाई तर मुलीकडूनच वदवून घ्यायच्या, "मोठ्यांनी काय काय करायचं आणि काय नाही." ऐनवेळी बाजूला घेतलं की अपमान वाटतोच.

उंबरठा
मान्य. ही चूक माझी. त्यांना आज फोन करतो. आधी कोणासोबत तरी सराव करावा म्हणतोय.

चाफेकळी
मी मीटिंगमध्ये आहे, नंतर करा.

अर्धवट_सुतार
आता शेवटचा टप्पा, रिपोर्ट. तास नोंदवले? कोण किती वेळ होतं? रिपोर्टवर शेल्टरची आणि स्काउटमास्टरची सही लागेल. काय बदललं, काय अवघड गेलं, हे त्याच्या शब्दांत येऊ द्या, तुमच्या नाही. आणि फोटो जोडायचे: आधीचे, काम चालू असतानाचे, नंतरचे.

उंबरठा
आधीचे?

अर्धवट_सुतार
उंबरठा...

मुंगळा
तुमच्या स्प्रेडशीटमध्ये ओळ ७ आहे: 'आधीचे फोटो, चारही बाजूंनी.' मी आत्ताच उघडून बघितली. बाथरूमचे मी काढलेत.

उंबरठा
खारुताई, बघा. आणि म्हणे डिलीट करा.

मुलाला विचारलं. तो पण आधी गार पडला. मग फोन काढून शेल्टरच्या दत्तक देण्याच्या पानावर गेला. तिथे प्रत्येक कुत्र्याचा फोटो असतो आणि ते फोटो काढतात त्याच जुन्या बाकापाशी. गेल्या वर्षभरातली सव्वीस कुत्री, मागे तोच रिकामा बाक, समोर तोच चिखल. एकात तर कुत्रं चिखलात उताणं पडलंय आणि दोरी धरणारा हात तेवढा चौकटीच्या कडेला ताणलेला दिसतोय. बाईंना विचारून त्याने तोच फोटो रिपोर्टच्या पहिल्या पानावर लावलाय.